एक टॅब जास्त

१

सोमवारी सकाळी दहाला ऋतुजाने दुकानातला कॉम्प्युटर चालू केला, तर तिचे टॅब जागेवर नव्हते.

नव्हते म्हणजे गेले नव्हते. ब्राउझरच्या वरच्या कडेला एका ओळीत, खांद्याला खांदा लावून बसणारे बावीस टॅब कुणीतरी उचलून डाव्या हाताला एकाखाली एक रचले होते, गोदामात पोती रचावीत तसे. प्रत्येकाचं नाव तीन-चार अक्षरांनंतर तोडलेलं. बंद करायची फुली गायब.

येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीला लागून जाणाऱ्या रस्त्यावर बद्रीनाथांचं दस्तलेखनाचं दुकान आहे. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात टाकून ऋतुजा तिथे बसायला लागली त्याला दोन वर्षं झाली. काम मुख्यतः भाडेकरारांचं. आयटीतली पोरं दर अकरा महिन्यांनी घर बदलतात आणि प्रत्येकाचा करार ऑनलाइन भरावा लागतो. एक पक्षकार, एक टॅब. कोण कुठे बसलाय हे तिला न बघता माहीत असायचं. डावीकडून तिसरा म्हणजे विमाननगर. सातवा म्हणजे खराडीचा तो मालक, ज्याला 'कुत्रा चालणार नाही' हे कलम दोनदा हवं असतं. शेवटचे दोन म्हणजे घरी न सांगता एकत्र राहणारं जोडपं, त्यांचे टॅबसुद्धा ती शेजारीशेजारी ठेवायची.

आता सगळ्यांचीच पोती झाली होती.

टॅबवर बाण नेला की बाजूने एक कार्ड बाहेर यायचं. त्यावर त्या पानाचं छोटं चित्र आणि खाली दोन बटणं: 'सोडा' आणि 'धरून ठेवा'. पक्षकार स्क्रीनमध्ये डोकावतात, त्यांना कळलं पाहिजे, म्हणून बद्रीनाथांनी सगळं मशीन मराठीत ठेवलं होतं. कुठल्या महाभागाने हे मराठी केलं होतं देव जाणे.

"सोडा काय, सोडा? 'बंद करा' म्हणायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

बद्रीनाथांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "सोडायची आपल्याला सवय आहे की. कॉलेज सोडलंत, क्लास सोडलात. टॅब तेवढा राहिला होता."

माणूस मूळ कसबा पेठेतला. अपमान करताना 'आपण' म्हटलं की तो अपमान राहत नाही, संस्कार होतो, अशी त्यांची साठ वर्षांची समजूत. ऋतुजा सेटिंगमध्ये शिरली. जुनी मांडणी परत कशी आणायची हे शोधण्यात तिने अर्धा तास घालवला. ब्राउझरच्या कंपनीच्या तक्रारींच्या पानावर हजारो लोक जीव तोडून शिव्या घालत होते. सगळ्यांच्या वर कंपनीचं उत्तर ठळक अक्षरांत चिकटवलं होतं:

'काही दिवसांत तुम्हाला सवय होईल.'

लग्न करून निघालेल्या प्रत्येक पोरीला तिच्या घरात हेच वाक्य सांगितलं जायचं. तिने ते पान सोडलं.

२

बुधवारी मोजणी चुकली.

नव्या मांडणीत रांगेच्या डोक्यावर आकडा असायचा, किती टॅब उघडे आहेत त्याचा. आकडा होता वीस. ऋतुजाने मोजले, एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. तिच्या कामात माणूस चुकतो, आकडा चुकत नाही, म्हणून ती खाली खाली जात राहिली. अगदी तळाला 'झोपलेले' असं एक घडी घातलेलं खोकं होतं. बरेच दिवस कुणी हात लावला नाही की टॅब आपोआप तिथे जायचा आणि राखाडी व्हायचा. तिने घडी उलगडली.

एकच टॅब होता. नाव: शकू.

दस्तावर कुणी शकू नसतं. दस्तावर शकुंतला असते, नवऱ्याचं नाव असतं, आडनाव असतं. शकू घरातली हाक. तिच्या आत्याची.

तिने टॅबवर टिचकी मारली. पांढरं पान. पत्त्याच्या जागी काही नाही. पण नुसता बाण नेला तेव्हा जे कार्ड बाहेर आलं, ते पांढरं नव्हतं.

एक खोली. अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट दिलेली भिंत, वर चुना. भिंतीला टेकवलेलं लाकडी बाकडं. बाकड्यावर पदर डोक्यावरून पुढे ओढलेली एक बाई. चेहरा पदरात. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली नवी साडी. चित्र नखाएवढं, तरी साडीचा पोपटी रंग दिसत होता.

ऋतुजाने 'सोडा' दाबलं. टॅब गेला. आकडा एकोणीस. ती बाहेर जाऊन चहा घेऊन आली. आकडा वीस.

डोकं चालवणं तिने कॉलेजबरोबर सोडलेलं नव्हतं. करारासाठी पक्षकारांचे फोटो काढायला टेबलावर कॅमेरा आहे. रोज दहा-बारा चेहरे त्यात जातात. एखादा जुना फोटो कुठेतरी अडकला असेल आणि या नव्या कार्डांनी तो चुकीच्या पानाला चिकटवला असेल. नव्या गोष्टी अशाच असतात, अर्धवट. हे स्पष्टीकरण तिला आवडलं. फक्त मागे वळून बघेपर्यंत. खुर्चीमागे बद्रीनाथांनी फोटोसाठी पांढरी चादर ताणून लावली होती. दुकानात हिरवी भिंत नव्हती. बाकडंही नव्हतं, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या.

३

गुरुवारी सकाळी लोहगावच्या घरी ओट्यावर चहा चालू होता. घर तीन मजली. गाव महापालिकेत आलं तसे मजले चढत गेले आणि शेत उतरत गेलं. ऋतुजाच्या वडिलांनी, बजरंगरावांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावाने, संपतने, गेल्या वीस वर्षांत एकच काम केलं होतं: जमीन विकणं. त्यातही आपण फार कष्ट काढले असं दोघं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

"ऋतू, बस हितं," संपतकाका म्हणाला. "तुज्या सहीचं काम हाय."

"कसली सही?"

"हक्कसोड. बिल्डरला टायटल किल्यर पायजे. पृथ्वीराजचं एकट्याचं नाव ठेवायचं, तुजं कमी करायचं."

"विहिरीकडचा तुकडा?"

"तोच तर ऱ्हायलाय आता."

तो तुकडा रस्त्याला लागून होता. आजोबांनी मरायच्या आधी नातवंडांची नावं सातबाऱ्यावर चढवली, त्यात भाऊ पृथ्वीराजबरोबर तिचंही चढलं. त्यांनी आयुष्यात केलेली ती एकमेव बरी गोष्ट, आणि ती बहुधा तलाठ्याच्या आग्रहाने केली. तिथे दोन खोल्या काढून स्वतःचं दस्तलेखनाचं दुकान टाकायचं, वर स्वतःच्या नावाची पाटी, हे ऋतुजाने एकदा वडिलांना बोलून दाखवलं होतं. त्यांनी ते ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"आन तूच टाईप कर की," बजरंगराव आता म्हणाले. "घरचंच मानूस दुकानात बसतंय म्हनल्यावर भायेर कशाला जायचं? सोमवारी येतो आमी."

स्वतःच्या गळ्याचं माप स्वतःच घे, असं सांगायची ही पद्धत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेच वावगं होतं.

"आणि मी नाही केली सही तर?"

संपतकाका हसला. "न्हाई कशी? आपल्या घरात कुन्या पोरीनं न्हाई म्हनलंय का आजपातुर? तुजी शकूआत्या बघ. मुकाट सही केली, साडी घिऊन, जिवून गेली. सवय असती बायकास्नी."

शकूआत्याचा नवरा वारला तेव्हा ती परत आली होती. तीन मजल्यांच्या घरात दोन्ही भावांना तिच्यासाठी खोली सापडली नाही. चंदननगरमध्ये भाड्याच्या खोलीत पाच वर्षं राहून तिथेच गेली. तिची ट्रंक ऋतुजानेच उघडली होती. तळाला एक नवी साडी होती, हक्कसोडीच्या दिवशी भावांनी दिलेली. पंचवीस वर्षं पिशवीतच. पिशवीची स्टेपलची पिनसुद्धा काढलेली नव्हती.

ऋतुजाने चहाचा कप खाली ठेवला. ती साडी पोपटी होती.

४

शुक्रवारी 'झोपलेले'मध्ये दोन टॅब होते. शकू. मुक्ताई. दुपारी जेवण करून आली तर तीन. मथुराबाई.

मशीनने त्यांना आपल्या मनाने एका गटात घातलं होतं. नवी मांडणी तसे गट पाडायची, 'विमाननगर', 'खराडी' असे, आणि त्यांना नावंही स्वतःच द्यायची. या गटाचं नाव होतं 'लिहून देणार'.

कुठलाही दस्त घ्या, त्यात माणसं दोनच प्रकारची असतात. लिहून घेणार आणि लिहून देणार. ज्याला मिळतं तो घेणार, ज्याचं जातं तो देणार.

तिने वडिलांना फोन लावला. "पप्पा, मुक्ताई कोण?"

"माजी आत्या. का?"

"आणि मथुराबाई?"

"आज्याची भन. तुला कुनी सांगितलं?"

"त्यांच्याही हक्कसोडी झाल्या होत्या?"

"झाल्या आस्तील की. सगळ्यांच्याच हुत्यात. कामाचं बघ तू." फोन बंद झाला.

कार्डांवर खोली तीच. बाकडं तेच. आता त्यावर तिघी होत्या, एकीला लागून एक. तिघींच्या मांडीवर काही ना काही: पोपटी पिशवी, कागदात गुंडाळलेलं लुगडं, आणि सगळ्यात कडेच्या म्हातारीच्या मांडीवर नुसतं एक खणाचं कापड. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशा बसल्या होत्या. ज्यांचा नंबर कुणी पुकारलेलाच नाही, अशा.

आणि तिन्ही नावांपुढे छोटं कर्ण्याचं चिन्ह होतं. एखाद्या टॅबमधून आवाज येत असला की नव्या मांडणीत ते दिसायचं.

ऋतुजाने हेडफोन लावला. आधी काहीच नाही. मग पंखा. पातं कुठेतरी घासणारा, टक्, टक्, असा जुना पंखा. मग लांब कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग चर्र. नव्या साडीच्या प्लास्टिकवरून कुणीतरी बोट फिरवतंय, सावकाश, पुढे आणि मागे. चर्र. चर्र. लहानपणी आपण फराळाचा डबा उघडायच्या आधी झाकणावरून हात फिरवतो, तसं.

मग ते थांबलं. एकदम. कुणीतरी ऐकतंय हे त्यांनाही ऐकू गेल्यासारखं.

"अहो," बद्रीनाथ मागून म्हणाले, "ते प्लास्टिक वाजवणं बंद कराल का? माणूस हिशोबात आहे."

हेडफोन तिच्या कानांवर होता. वायर नीट खोचलेली होती. स्पीकर बंद होते. तिने हे तिन्ही एकेक करून तपासलं आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

५

शनिवारी तिने स्वतःचा दस्त टाईप करायला घेतला. जुन्या हक्कसोडीचा नमुना उघडायचा, नावं बदलायची, वीस मिनिटांचं काम. लिहून घेणार: पृथ्वीराज बजरंग. लिहून देणार: ऋतुजा बजरंग, वय तेवीस, व्यवसाय नोकरी. खाली तयारच वाक्य होतं, प्रत्येक नमुन्यात असतं: 'सदर मिळकतीतील माझा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडत आहे.'

स्वखुशीने. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने हा शब्द शोधला असेल आणि तेव्हापासून त्याने किती बायका गिळल्या असतील.

डाव्या हाताला काहीतरी हललं. गटात चौथा टॅब आला होता. तिने उघडलेला नव्हता. नाव: ऋतुजा.

बाण न्यायचा नाही असं तिने ठरवलं. मग नेला.

तिघी सरकल्या होत्या. बाकड्याच्या या टोकाला एका माणसापुरती जागा केली होती, आणि त्या जागेवर, बसायला येणारीची वाट बघत, पिशवीत घडी केलेली एक साडी ठेवलेली होती. राणी रंगाची. शेजारच्या पदराचं तोंड जरा ऋतुजाकडे वळलं होतं. कार्डाखाली बटणं: सोडा. धरून ठेवा.

"काका," ती म्हणाली. दोन वर्षांत तिने त्यांना काका म्हटलं नव्हतं. "इकडे या जरा. हे काय दिसतंय सांगा."

बद्रीनाथ चष्मा सावरत आले, वाकले, बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितलं.

"पांढरं आहे," ते म्हणाले. "कोरं."

पण ते जागेवर गेले नाहीत. तिच्या दस्तावरची नावं वाचत उभे राहिले.

"आपलाच?"

"माझाच."

"हिरव्या भिंतीचं जुनं रजिस्ट्रार ऑफिस होतं ना, तिथे बसायचो मी," ते म्हणाले. भिंतीबद्दल तिने एक शब्द काढला नव्हता. "तीस वर्षं हक्कसोडी लिहितोय. एक नियम पाळला, वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. शेवटी विचारतो, समजलं का, मान्य आहे का. आजपर्यंत एकही बाई नाही म्हणाली नाही. मी म्हणायचो, माझं काम झालं. विचारलं ना मी?" चष्मा त्यांनी पुन्हा पुसला. "सगळ्या त्याच बाकड्यावर बसायच्या."

तीस वर्षं विचारलं, आणि एकदाही उत्तराची वाट बघितली नाही. म्हातारी माणसं अशीच स्वच्छ राहतात. ऋतुजाला त्यांची दया आली नाही. पण प्रश्न तिने लक्षात ठेवला.

६

सोमवारी दुपारी तीनला सगळे आले. पुढे संपतकाका, मागे बजरंगराव, त्यांच्या मागे मोबाइलमध्ये मान घातलेला पृथ्वीराज. रजिस्ट्रार ऑफिसातला नंबर साडेतीनचा होता. संपतकाकाने टेबलावर पिशवी ठेवली.

"घे. तुज्या काकूनं पसंत केलीया."

प्लास्टिकच्या आत साडी होती. राणी रंगाची. स्टेपलची पिन चकचकीत.

ऋतुजाने तिला हात लावला नाही. डाव्या रांगेत चार नावांपुढे चार कर्णे होते. हेडफोन तिने सकाळीच काढून खणात टाकला होता, आणि स्पीकरची वायर स्वतःच्या हाताने उपसून टेबलावर गुंडाळून ठेवली होती.

"आधी फोटो," बद्रीनाथ म्हणाले. पहिल्या पानावर लिहून देणाराचा फोटो छापायची त्यांची जुनी सवय. ऋतुजा चादरीसमोर बसली, हात लांबवून तिनेच बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर आला. तिने स्क्रीन टेबलापलीकडच्या तिघांकडे फिरवली, नेहमी पक्षकारांना दाखवायला फिरवायची तशी.

पृथ्वीराजने बघितलं आणि परत मोबाइलमध्ये गेला. त्याला काही वेगळं दिसलं नसावं. संपतकाका म्हणाला, "चांगला आलाय." पण म्हणताना तो फोटोकडे बघत नव्हता, खुर्चीमागच्या चादरीकडे बघत होता. बजरंगराव मात्र फोटोकडेच बघत राहिले. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. तिच्या डाव्या खांद्यावर, फोटोत, काहीतरी होतं. बोटं असतील. चादरीची चुणीही असेल. हिरव्या रंगाची चुणी.

"वाचा लौकर," संपतकाका म्हणाला.

बद्रीनाथांनी वाचलं. सपाट आवाजात, न थांबता, सर्वे नंबर, चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस विहीर. त्या आवाजाच्या खालून दुसरा एक आवाज यायला लागला होता. टक्, टक्, घासणारं पातं. दुकानातला पंखा नवा होता, त्याला कधीच आवाज नव्हता. मग चर्र. चर्र. आता एका बोटाचा नव्हता तो, पुष्कळ होती. बजरंगरावांनी टेबलावरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीला कुणी हात लावलेला नव्हता.

"...स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडत आहे," बद्रीनाथांनी संपवलं. कागद खाली ठेवला. या वेळी ते पेपराकडे वळले नाहीत. चष्मा काढून हातात घेतला आणि तिच्याकडे बघत विचारलं, "समजलं का? मान्य आहे का?"

आणि थांबले.

चर्र थांबलं. पंखाही थांबला. असं वाटलं की भिंतीपलीकडे कुठेतरी बऱ्याच बायकांनी एकदम श्वास रोखलाय.

"आता म्हन की हो," संपतकाका म्हणाला. "सोडलं म्हन आन मोकळी हो. कॉलेज सोडताना तर कुनाला इचारलं न्हाईस."

"नाही," ऋतुजा म्हणाली.

तिने कागद बद्रीनाथांकडे परत सरकवला.

"समजलं, पण मान्य नाही. मी सोडत नाही."

"न्हाई," कुणीतरी म्हणालं.

तो म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, वापरात नसल्यामुळे गंजलेला. तो टेबलाकडून आला, जिथे स्पीकर वायर गुंडाळून पडले होते.

"न्हाई." हा दुसरा.

"न्हाई गं," तिसरा म्हणाला, शेवटी बारीकसा खोकला घेऊन. लहानपणी ऋतुजा आत्याच्या ताटातला लाडू उचलून विचारायची, तुला नको? तेव्हा ती असंच म्हणायची. पण तेव्हा ती देऊन टाकायला म्हणायची.

ऋतुजाने स्क्रीन स्वतःकडे फिरवली. चार नावं. एकेकावर बाण नेला आणि एकेकाखाली दाबत गेली. धरून ठेवा. धरून ठेवा. धरून ठेवा. आपल्या नावाशी आली तेव्हा कार्डाकडे बघितलं नाही. धरून ठेवा. चारही टॅब तळातून निघाले आणि सगळ्या रांगेच्या डोक्यावर जाऊन बसले.

संपतकाका उठला. घराण्याबद्दल, भावाच्या राखीबद्दल, शिकून शेफारलेल्या आणि न शिकताही शेफारलेल्या पोरींबद्दल जे बोलायचं ते बोलला, पण बोलताना दाराकडे सरकत होता आणि पांढऱ्या चादरीकडे पाठ करत नव्हता. उंबऱ्यावर ठेचकाळला. पृथ्वीराज त्याच्यामागे गेला. दारात थांबून त्याने बहिणीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, म्हणाला, "दीदी, मला खरंच माहीत नव्हतं," आणि गेला. माहीत करून घ्यायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

बजरंगराव बसूनच होते. माणूस दहा मिनिटांत म्हातारा होतो हे खरं असावं.

"शकूचा आवाज हुता," ते म्हणाले. "कुठं हाय ती? कुठं बसलीया?"

"तुम्ही बसवलंत तिथेच," ऋतुजा म्हणाली.

७

सातबाऱ्यावर तिचं नाव तसंच आहे. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला. बजरंगराव तिच्याशी बोलत नाहीत, पण परवा विहिरीकडच्या तुकड्यावरची झुडपं त्यांनी कुणाला न सांगता तोडून घेतली. ऋतुजाने आभार मानले नाहीत. आपली जागा आपल्याला साफ करून दिली म्हणून कुणी आभार मानत नाही.

पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, स्क्रीनच्या मध्यावर एक चौकट आली. कंपनी हरली होती. 'आम्ही तुमच्या तक्रारी ऐकल्या. टॅबची जुनी मांडणी परत हवी आहे का? होय. नको.'

ती उत्तर देणार होती. त्याआधी तिने डोक्यावरच्या चार टॅबवर बाण नेला. आठवडाभर तिने ते टाळलं होतं.

हिरवी भिंत. बाकडं. बाकडं रिकामं होतं. त्यावर फाडलेलं प्लास्टिक पडलं होतं, आणि लुगड्याचा कागद, चुरगळून टाकलेला. जमिनीवर स्टेपलची वाकवलेली एक पिन.

तेव्हाच तिच्या पाठीमागे सळसळ झाली. प्लास्टिकची नाही. कोऱ्या साडीच्या खळीची, पहिल्यांदाच नेसलेली साडी चालताना वाजते तशी. एक. मग दुसरी, जडशी. मग अगदी सावकाश, भिंतीला हात लावत गेल्यासारखी तिसरी. मानेवर पदराचा वारा लागला. ऋतुजाने मान वळवली नाही. घाबरून नव्हे. इतक्या वर्षांनी नटून निघालेल्या बायकांकडे टक लावून बघू नये, म्हणून.

बद्रीनाथ पेपर वाचत होते. पेपरातून डोकं न काढता त्यांनी वाटेत पसरलेले पाय जवळ घेतले, वाट दिली, आणि तिसरी जाईपर्यंत तसेच धरून ठेवले. दाराची स्प्रिंग तीनदा वाजली.

रांगेच्या डोक्यावर आता एकच टॅब होता. ऋतुजा. आकडा सतरा. तिने मोजले. सतरा.

तिने 'नको' दाबलं.

मग खणातून कात्री काढली, संपतकाका टाकून गेलेल्या राणी रंगाच्या साडीची पिशवी कापली, खुर्चीवर चढली आणि पांढरी चादर उतरवून तिथे ती साडी ताणून लावली.

"हे काय?" बद्रीनाथ म्हणाले. "ऑफिस आहे की लग्नाचा मांडव? दस्ताच्या फोटोला मागे पांढरं लागतं. तीस वर्षं पांढरं आहे."

दारात पक्षकार उभे होते. बाप, मुलगा आणि त्यांच्या मागे विशीतली मुलगी, हातात साडीची पिशवी. "हक्कसोड करायची होती," बाप म्हणाला.

"बसा," ऋतुजा मुलीला म्हणाली, खुर्चीवरून उतरली आणि नवा टॅब उघडला. "मी वाचून दाखवते."

मग बद्रीनाथांकडे वळली.

"सवय होईल," ती म्हणाली.